नेम आणि हवेचा जोर

विद्यार्थ्यांनी बांधलेले एक यंत्र चेंडू फेकते, एवढ्या गोष्टीसाठी शहाण्या माणसाने संध्याकाळचा एक तास खर्चावा काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आम्हांसही तो एका गृहस्थांनी समोरासमोर विचारला होता. त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे व मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षास होता. २०१८ सालच्या जानेवारीत ते कार्यशाळेच्या दारात उभे राहून म्हणाले, "सर, पोरगा चार महिने रात्री अकराच्या आत घरी येत नाही. परीक्षा तोंडावर आली. आणि हे सगळे कशासाठी, तर चेंडू कड्यातून जावा म्हणून! चेंडू तर तो लहानपणी गल्लीतही फेकत होता." त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. आजचे विवेचन म्हणजे त्या गृहस्थांना उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम स्पर्धेविषयी थोडे सांगितले पाहिजे. जपानच्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने, म्हणजे एनएचकेने, १९८८ साली विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवांची स्पर्धा सुरू केली. तिचेच पुढचे रूप म्हणजे आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची 'रोबोकॉन' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा. ती २००२ साली टोकियो येथे प्रथम भरली. दर वर्षी यजमान देश बदलतो आणि यजमानाने आपल्या लोकजीवनातील एखादा खेळ यंत्रांना खेळावयास द्यावा अशी तिची मौजेची रीत आहे. २००८ साली ही स्पर्धा आपल्या पुण्यात भरली तेव्हा खेळाचे नाव होते 'गोविंदा'. दहीहंडीची कल्पना यंत्रांनी उचलली होती. २०२२ साली नवी दिल्लीस भरली तेव्हा खेळ होता लगोरीचा. २०१८ साली यजमान होता व्हिएतनाम. त्या देशाच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात सणाच्या दिवशी उंच बांबूच्या टोकाशी एक कडे बांधतात व शेपटी लावलेला कापडी गोळा त्यातून फेकतात. त्या खेळास 'नेम कोन' म्हणतात. त्यांच्या भाषेत 'नेम' म्हणजे फेकणे. आपल्या भाषेत नेम धरल्यावाचून फेकता येत नाही. हा केवळ ध्वनीचा योगायोग आहे, पण कार्यशाळेतील मुलांना तो फार आवडला, आणि फळ्यावर तो शब्द चार महिने पुसला गेला नाही.

हवाच का?

यंत्राने वस्तू फेकावयाची म्हणजे थोड्या काळात पुष्कळ काम करावयाचे. विजेची मोटर हे काम करते, पण तिला वेग घेण्यास अवकाश लागतो. ताणलेली स्प्रिंग हे काम झटक्यात करते, पण दर वेळी तिला पुन्हा ताणावे लागते. दाबलेली हवा ही साठवून ठेवलेली स्प्रिंगच होय. फरक एवढाच की ती टाकीत भरून नेता येते आणि हवी तेव्हा, हवी तेवढी, नळीवाटे काढता येते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबावा व एकदम हात सोडावा. दट्ट्या आपोआप मागे उसळतो. आमच्या यंत्राचे सारे तत्त्व त्या उसळण्यात आले. शहराच्या बसचे दार फुसकारा टाकून उघडते किंवा घाट उतरून थांबलेली मालमोटार सुस्कारा सोडते, तेथेही हीच हवा काम करीत असते.

तिचा जोर किती? स्पर्धेच्या नियमांनी ६०० किलोपास्कल, म्हणजे ६ बार, ही दाबाची मर्यादा घालून दिली होती. एक बार म्हणजे ढोबळ मानाने दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचे ओझे. आमच्या सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास २५ मिलिमीटर, म्हणजे जुन्या रुपयाएवढा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर भरते. तेव्हा सहा बारला त्या चिमुकल्या दट्ट्यावर तीस किलोचा जोर येतो. एवढ्याशा नळकांड्याने गव्हाचे अर्धे पोते उचलावे, तसा हा प्रकार आहे.

जोर असला तरी दट्ट्याची धाव थोडी असते. आमची होती १० सेंटिमीटर. म्हणून तरफ आली. ६० सेंटिमीटर लांबीचा हलका हात घेतला, एका टोकाशी त्यास कणा दिला, कण्यापासून १० सेंटिमीटरवर दट्ट्या जोडला आणि दुसऱ्या टोकास गोळ्यासाठी वाटी बसविली. दट्ट्या जेवढ्या वेगाने धावेल त्याच्या सहापट वेगाने वाटी धावते. जोर मात्र सहावा हिस्सा उरतो. निसर्ग एका हाताने देतो व दुसऱ्या हाताने घेतो, हा तरफेचा जुना व्यवहार आहे.

आता शेतातील गोफण आठवावी. जोंधळा राखणारा माणूस माळ्यावर उभा राहून गोफण गरगर फिरवितो व नेमक्या क्षणी एक दोरी सोडतो. दगड कोठे जाईल हे तीन गोष्टींवर ठरते: फिरविण्याचा वेग किती, दोरी सुटली तेव्हा दगडाची दिशा कोणती आणि ती नेमकी केव्हा सुटली. राखणदार हे गणित करीत नाही. त्याच्या मनगटाने हजार दगड फेकून ते शिकून घेतलेले असते. यंत्राला मनगट नसते. त्याला हे सारे कागदावर सांगावे लागते.

शाळेतले पंचेचाळीस अंश

हिशेब सोपा राहावा म्हणून असे धरू: गोळा १०० ग्रॅमचा, कडे ४ मीटर दूर आणि गोळा जेथून सुटतो त्यापेक्षा १ मीटर उंच. हवेचा अडथळा तूर्त सोडून देऊ. वस्तू सर्वांत दूर फेकावयाची तर ४५ अंशांचा कोन घ्यावा, असे आपण शाळेत शिकतो. मुलांनी तोच घेतला. त्या कोनात गोळा कड्याच्या मध्यातून जाण्यास त्याचा वेग सेकंदास ७.२३ मीटर असावा लागतो.

परंतु आम्हांस दूर फेकावयाचे नव्हतेच. एका ठरलेल्या जागी फेकावयाचे होते. ते निराळे गणित आहे. त्या कड्यापर्यंत गोळा पोहोचविण्यास कमीत कमी वेग कोणत्या कोनात लागतो, असे विचारले तर उत्तर येते ५२ अंश, आणि वेग ७.०९ मीटर. वेगातली बचत क्षुल्लक आहे. खरा लाभ दुसराच आहे. ४५ अंशांच्या फेकीत कोन तीन अंशांनी घसरला तर गोळा कड्यापाशी सुमारे ११ सेंटिमीटर खाली जातो. ५२ अंशांच्या फेकीत तीच तीन अंशांची चूक, वर होवो की खाली, फक्त तीनेक सेंटिमीटर नडते. डोंगराच्या माथ्यावर चार पावले इकडेतिकडे झाली तरी उंची फारशी बदलत नाही, पण उतारावर एका पावलानेही बदलते. ५२ अंश हा त्या गणिताचा माथा आहे.

मात्र हा सौदा फुकट मिळत नाही. वेगात दोन टक्के घट झाली तर ४५ अंशांत गोळा १२ सेंटिमीटर खाली जातो, ५२ अंशांत १७. म्हणजे एक कोन दिशेच्या चुकीस क्षमा करतो, तर दुसरा वेगाच्या चुकीकडे थोडा अधिक कानाडोळा करतो. दोन्ही चुकांना एकाच वेळी सर्वाधिक क्षमा करणारा कोन नाही. तेव्हा आपल्या यंत्राची सवय कोणती, ते दिशेला चुकते की वेगाला, हे आधी ओळखावे लागते. यंत्र ओळखल्यावाचून केवळ सूत्र पाठ असून भागत नाही, हा मुलांचा पहिला धडा.

आणखी एक चूक येथे सांगण्याजोगी आहे. गोळा नेहमी हाताच्या काटकोनात निघतो. हात सरळ उभा झाला त्या क्षणी गोळा सुटला तर तो आडवा जातो. वर जाणारी फेक हवी असेल तर हात उभा होण्यापूर्वीच थांबला पाहिजे. ५२ अंशांच्या फेकीसाठी तो उभ्या रेषेच्या ५२ अंश अलीकडे थांबावा लागतो. पहिल्या दिवशी मुलांनी हात पुरता उभा होऊ दिला आणि गोळा समोरच्या कपाटाच्या काचेवर गेला. काच महाविद्यालयाची होती, तिचे पैसे आम्ही भरले.

पहिली फेक आणि सहावी फेक

गोळ्याला लागणारी शक्ती फार नाही. १०० ग्रॅमचा गोळा ७.०९ मीटर वेगाने निघाला म्हणजे त्यात सुमारे अडीच ज्यूल ऊर्जा असते. हात २०० ग्रॅमचा असेल तर त्याला फिरविण्यास आणखी पावणेदोन ज्यूल. एकूण सव्वाचार. सहा बारला तो दट्ट्या दहा सेंटिमीटर धावला तर कागदावर २९ ज्यूल देतो. सातपट पैसा खिशात असल्यावर चिंता कसली, असे मुलांना वाटले व त्यांनी टाकीतील हवा तशीच सिलिंडरला जोडली.

झाले ते असे. पहिला गोळा कड्यावरून उडून भिंतीवर आदळला. मग हवेच्या वाटेवरचा स्क्रू फिरवून तो कड्यात बसविला. दुसरा कड्याच्या खालच्या काठास लागला. चौथा कड्यापर्यंत पोहोचला, पण खालून गेला. सहावा त्याहूनही खाली. पुन्हा टाकी भरली की पुन्हा पहिल्यापासून तीच कथा.

कारण साधे होते. टाकी म्हणून आम्ही दोन लिटरची शीतपेयाची बाटली वापरीत होतो. नियम तसे करू देतात, फक्त बाटली निर्दोष पाहिजे. दट्ट्याच्या एका धावेस नळीसह सुमारे ६० घनसेंटिमीटर हवा लागते. हात परत आणण्यास पुन्हा तेवढीच. प्रत्येक धावेला बाटलीतील दाब थोडा उतरतो. वातावरणाचा एक बार धरून सुरुवातीस सात बार असतात. दहा धावा झाल्यावर, म्हणजे पाच फेकी झाल्यावर, ते ५.२ उरतात. घड्याळाच्या काट्यावर सहाचे ४.२ दिसतात. सहाव्या फेकीला पहिल्या फेकीच्या सातदशांश जोर मिळत होता. गोळा खाली जाणार नाही तर काय होणार?

उपाय असा की बाटली व सिलिंडर यांच्यामध्ये दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर बसवावा. बाटलीत सहा असोत की पाच, पुढे तो चारच जाऊ देतो. मुलांना हे प्रथम पटेना. "सर, सहा बारची परवानगी असताना चारच का वापरायचे?" असे एकाने विचारले. तरुण माणसास हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याला आम्ही म्हटले, "अरे, महिन्याच्या पहिल्या तारखेस जेवढा खर्च करतोस तेवढाच तिसाव्या तारखेस करता आला पाहिजे ना? मग तिसाव्या तारखेस जेवढे हाती उरते त्यावर सगळा महिना बेत." शेवटच्या फेकीस जो दाब खात्रीने मिळेल तोच पहिल्या फेकीस वापरावा. वरचे सारे शिल्लक म्हणून राहू द्यावे.

उशीर चालतो, अनियमितपणा चालत नाही

रेग्युलेटर बसला तशी पहिल्या व सहाव्या फेकीतील तफावत गेली. पण आता दुसरेच दुखणे वर आले. गोळे क्रमाने खाली जाईनात. एक वर, एक खाली, एक बरोबर, पुन्हा खाली, असे विखरू लागले. पहिल्या दुखण्यास काही रीत होती. या दुखण्यास रीतच नव्हती.

मुलांनी मोबाईलवर संथगतीने चित्रण केले व प्रत्येक फेक शंभर वेळा पाहिली. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक अशी की विजेने चालणारी झडप हुकूम मिळताच उघडत नव्हती. ती काही हजारांश सेकंद घेत होती, आणि दर वेळी तेवढेच घेत नव्हती. दुसरी अशी की गोळा पकडणारा छोटा पंजा दुसऱ्या झडपेने उघडत होता, आणि त्याचीही तीच तऱ्हा होती. आता हिशेब करा. वाटीचा वेग सेकंदास सात मीटर असता हात सेकंदास सुमारे ६८० अंश फिरत असतो. पंजा एका सेकंदाच्या केवळ दोनशेव्या भागाने उशिरा उघडला तरी हात जवळजवळ साडेतीन अंश पुढे गेलेला असतो. डोळ्याची पापणी लवण्यास याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

या ठिकाणी मुलांना जे उमगले ते आम्हांस या साऱ्या खटाटोपाचे सार वाटते. झडप उशीर करते हा तिचा दोष नव्हे. ती नेहमी वीस हजारांश सेकंद उशीर करील तर आपण हुकूम तेवढा आधी देऊ व प्रश्न मिटेल. ती कधी पंधरा, कधी पंचवीस घेते हा दोष आहे. ठाऊक असलेली चूक वजा करता येते. बदलणारी चूक वजा करता येत नाही. तिचे मूळच उपटावे लागते.

ते असे उपटले. पंजा काढून टाकला. त्याऐवजी गोळा नुसता वाटीत ठेवला, आणि हात जेथे थांबावयास हवा तेथे चौकटीवर जाड रबराचा ठोकळा बसविला. हात ठोकळ्यावर आदळून थांबतो. गोळ्यास थांबविणारे कोणी नसते, तो पुढे निघतो. कोणी कधी सोडावे हा प्रश्नच उरला नाही. हात थांबतो तेथेच गोळा सुटतो, आणि ठोकळा आपली जागा सोडून कोठे जात नाही.

मग झडप. एका मुलीने विचारले, "सर, झडपेला घाई करायला लावायचीच कशाला? हात आधीच अडवून धरू या. सिलिंडरमध्ये हवा निवांत भरू दे. भरली की अडसर काढू." हीच ती युक्ती. हाताच्या टोकाशी एक लोखंडी खटका बसविला. खटका हात धरून ठेवतो. झडप उघडते, हवा भरते, दाब ठरलेल्या अंकावर स्थिर होतो. त्यास अर्धा सेकंद लागो की पाऊण, फरक पडत नाही. मग खटका ओढला की हात सुटतो. बंदुकीचा घोडा, धनुष्याची ओढलेली दोरी, उंदराचा सापळा, सर्वांत हीच कल्पना आहे: शक्ती आधी शांतपणे साठवावयाची आणि सोडण्याचे काम अगदी हलके ठेवावयाचे. खटका कण्याजवळ न बसविता टोकाशी बसविला, कारण तेथे तरफेमुळे जोर सहावा हिस्सा असतो. दट्ट्यावर दहा किलो असता खटक्यावर दोन किलोही येत नाहीत, व तो सहज सुटतो.

दहा किलो कोठून आले, असे कोणी विचारील. पूर्वी चार बारला वीस किलो होते. त्याचे असे झाले की झडप एकदम उघडून फेकताना हवा बारीक नळीतून येईतो दट्ट्या पुढे पळत असे, आणि पुढच्या बाजूची जुनी हवा बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने उशीसारखी आड येत असे. चार बारातले पुष्कळ वाया जात होते. आता हवा आधीच भरलेली असते. दट्ट्याच्या पुढची बाजू आम्ही बाहेरच्या हवेस मोकळी ठेवली. त्यामुळे दोन बारच्या आसपास काम होऊ लागले. हात परत येण्यासही हवा लागेना, तो स्वतःच्या वजनाने खाली येतो. परिणामी सहा बारच्या त्याच बाटलीत हिशेबाने चाळीसच्या वर फेकी निघू लागल्या. यंत्र जेवढे मवाळ झाले तेवढे ते भरवशाचे झाले आणि तेवढेच काटकसरीही झाले. या तिन्ही गोष्टी एकदम साधतील अशी आमची अपेक्षा नव्हती.

एक रात्र

येथवर सारे गोड ऐकविले. एक कडू गोष्ट न सांगितली तर व्याख्यान खोटे ठरेल.

फेब्रुवारीतील एका रात्री, खटका बसविण्यापूर्वीची गोष्ट, नळीचा एक सांधा थोडा ढिला असल्याचे आम्ही स्वतः पाहिले होते. "उद्या बदलू," असे म्हणून पुढे गेलो. तासाभराने तो सांधा सुटला. सहा बारची नळी सापासारखी फणा काढून फिरली व वर ज्या मुलीचा उल्लेख केला तिच्या चष्म्यावर बसली. काच तडकली. डोळा वाचला. चष्मा नसता तर काय झाले असते याचा विचार आम्ही आजही टाळतो.

दोन लिटरच्या बाटलीत सहा बारला हवा भरली म्हणजे तिच्यात हजार ते दीड हजार ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. पन्नास किलोचे पोते दोन-तीन मीटर उंचीवरून पडल्यास जेवढी इजा करील तेवढी ही ऊर्जा आहे. आणि ती आपण टेबलावर, मुलांच्या तोंडाशी ठेवतो. दिसत नाही म्हणून भीती वाटत नाही, एवढेच.

त्या रात्री काम थांबविले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर चार नियम लिहिले. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्यावाचून कोणी हवेची तोटी उघडू नये. दाबाचा काटा शून्यावर आल्यावाचून हाताच्या वाटेत कोणी बोटही घालू नये, आणि त्यासाठी सारी हवा एका झटक्यात बाहेर सोडणारी तोटी सहज पोहोचेल अशा जागी असावी. बाटलीवर ओरखडा किंवा घडी दिसली की ती टाकून द्यावी, आणि नवी बाटली प्रथम पाण्याने काठोकाठ भरून दाबावी. पाणी दबत नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठत नाही. बाटली फुटलीच तर पाणी सांडते, तुकडे उडत नाहीत. चौथा नियम आपल्या हवेचा: भरलेली बाटली उन्हात ठेवू नये. सकाळी २५ अंशांत सहा बार भरलेली बाटली दुपारी ४५ अंशांवर तापली तर काटा साडेसहाच्या जवळ जातो. नियमही मोडतो आणि बाटलीची परीक्षाही होते.

त्या मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी आले. आम्ही चूक आमची असे सांगितले. ते काही बोलले नाहीत. मुलगीच म्हणाली, "बाबा, सांधा मी बदलला आहे." ती त्याच संध्याकाळी कामावर परतली होती, आणि खटक्याची कल्पना तिला त्यानंतरच्या आठवड्यात सुचली.

शेवट

स्पर्धेचा निकाल ऐकण्याची श्रोत्यांस उत्सुकता असेल. पहिल्या सामन्यात हाताने सातपैकी सहा गोळे कड्यातून काढले. दुसऱ्या सामन्यात यंत्राच्या चाकाशी असलेली एक तार सुटली व ते फेकण्याच्या जागेपर्यंत पोहोचलेच नाही. ज्या हातासाठी चार महिने गेले तो खटक्यात अडकून, दोन बार हवा भरून, सामना संपेपर्यंत तसाच ताणून उभा राहिला. त्यास फेकण्याची वेळच आली नाही. तार दोन पैशांची होती. हेही शिक्षणच आहे, पण त्या दिवशी मुलांना तसे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

नंतर काही दिवसांनी ते किराणा दुकानदार गृहस्थ पुन्हा भेटले. यंत्र कार्यशाळेत होते. मुलाने त्यांना फेकून दाखविले. पाच गोळे ओळीने कड्यातून गेले. मुलाने त्यांना हवेचा दाब, कोन, खटका हे सारे समजाविले. त्यांनी शांतपणे ऐकले व म्हणाले, "म्हणजे आमच्या काट्यासारखेच की हे. काटा पाच ग्रॅमने चुकतो हे ठाऊक असले तर गिऱ्हाइकास माल बरोबर देता येतो. कधी पाचाने, कधी पन्नासाने चुकू लागला तर तो काटा टाकूनच द्यावा." आम्ही चार महिन्यांत जे शिकविले ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. मुलगा वडिलांकडे पाहत राहिला. चेंडू फेकून काय मिळते या प्रश्नाचे उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले असावे, कारण तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

मराठीत 'नेम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नेम म्हणजे लक्ष्यावर रोखलेली दृष्टी, आणि नेम म्हणजे न चुकता पाळावयाचा नियम. देवळात जाणाऱ्या आजीचा नेम असतो, आणि गोफणवाल्याचाही नेम असतो. हे दोन शब्द एकच का असावेत, याचा विचार आम्ही पूर्वी केला नव्हता. हवेवर चालणाऱ्या एका लाकडी-लोखंडी हाताने तो करावयास लावला. जोर कमी असला तरी चालतो, वेळ लागला तरी चालते. दर वेळी तेच घडले पाहिजे. दुसरा नेम पाळला तर पहिला नेम लागतो.